मूठभर भुसा

लेकीने दोन डब्या नानांपुढे ठेवल्या आणि झाकणं काढली. एकीत अंगठ्याएवढ्या जाडजूड पांढऱ्या अळ्या लाकूड कुरतडत होत्या. दुसरीतल्या सुतळीच्या तुकड्यांसारख्या पडल्या होत्या, मेलेल्या.

अंडी एकाच भुंग्याची, लाकूडही एकाच झाडाचं, मग फरक कशाने पडला ते ओळखा, असं तिने सांगितलं. आयुष्यभर फळबाग सांभाळलेल्या माणसाला पोटच्या पोरीने कोडं घालावं, हे काही नानांना रुचलं नाही. पण खोड पोखरणाऱ्या याच भुंग्याने त्यांची अर्धी बाग आतून पोकळ केली होती. त्याची मेलेली पिल्लावळ बघून जिवाला गार वाटत होतं. विष घातलंस, एवढं बोलून ते मोकळे झाले.

विष नव्हतंच, तीच तर गंमत होती. सकाळपासून ती आपल्या प्रयोगशाळेत आनंदाने तरंगतच होती. तिने समजावून सांगितलं की लाकूड अळीला पचत नाही; ते पचवतात तिच्या आतड्यातले जिवाणू. आणि हे जिवाणू ती जन्मताना घेऊन येत नाही. मोठ्या अळ्यांच्या विष्ठेतून, म्हणजे झाडाच्या भोकातून जो भुसा बाहेर पडतो त्यातून, ते तिला मिळतात. धुतलेली अंडी दोन डब्यांत ठेवून तिने एकीत चिमूटभर भुसा टाकला, दुसरीत नाही. दुसरीतल्या अळ्या खात राहिल्या आणि भरल्या पोटी उपाशी मेल्या. भुसा नानांनीच मागच्या खेपेला पुडीत बांधून आणला होता.

"म्हणजे बघा नाना, फवारणी नको की काही नको. भुसा तेवढा गोळा करून जाळायचा. नवी अळी आपोआप मरेल." तिने डबीचं झाकण लावलं. "तुम्ही भोकातला भुसा काढून टाकता कुठे?"



"टाकत नाही," नाना म्हणाले.

नाना काहीच टाकत नसत, चहाचा चोथासुद्धा. तारेने भोक साफ करायचं, निघालेला भुसा मातीत कालवायचा आणि नव्या कलमांची खोडं जमिनीपासून हात पोचेल तिथवर लिंपायची, ही त्यांची जुनी रीत. उन्हाने साल तडकत नाही, आणि जुन्या झाडाची ताकद नव्याच्या अंगी लागते, असं ते ज्याला त्याला सांगत. लेक लहानपणी त्या ओल्या लेपावर बोटाने चित्रं काढायची. ती नुसती माती आहे, असंच तिला वाटत आलं होतं.

भुंगा अंडी घालतो सालीच्या फटीत. बाहेर आलेल्या अळीचा पहिला घास म्हणजे तोच लेप.  लेक स्टुलावर बसली.

"सगळ्या झाडांना लावलाय?"

"आपल्याच नाही," नाना म्हणाले. त्यांचा हात देताना कधी आखडला नव्हता. कलम न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला वर टोपलीभर भुसा फुकट मिळे. आजूबाजूच्या एकूण एक बागेत तो गेला होता, मेहुण्याच्या बागेत, शाळेच्या आवारातसुद्धा. "आधी हा भुंगा फक्त आपल्याकडे होता गं. मला वाटायचं, वाऱ्याने पसरला."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कानाने कमी म्हणून त्यांचा स्पीकर नेहमी चालूच असे. शेजारचा बागवाला होता. नवी कलमं लावून झाली होती आणि लेपापुरता भुसा त्याला हवा होता.

"नाही," नाना म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून त्याने कधी ऐकला नसावा. 

"संपला होय? असू द्या, असू द्या. भुसा असला तर तुम्ही नाही म्हणायचे नाहीत, एवढं कळतं आम्हाला. मागचं अर्धं पोतं पडलंय माझ्याकडे, तेच कालवतो आता."

आणि नानांना शब्द सापडायच्या आत त्याने फोन ठेवलाही.

नानांनी परत नंबर लावला. बोट दोनदा चुकलं, तेव्हा लेकीने लावून दिला. जिवंत अळ्यांच्या डबीतून करकर ऐकू येत होती, आणि स्पीकरवर रिंग वाजत राहिली. हात चिखलात असले की तो फोन उचलत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.