चार्जिंगचा तास

दर रविवारी चार्जरचा पट्टा गळ्यात अडकवून मास्तर खुर्चीत बसले, की त्यांची बायको आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची. छातीत कातडीखाली बसवलेल्या, तारेतून मेंदूला विजेचे बारीक ठोके देणाऱ्या डबीने मास्तरांच्या हातांचा कंप आवरला होता, बंद पडलेलं शिवणकाम पुन्हा सुरू झालं होतं. गिऱ्हाइकं म्हणत, "मास्तर, हात पूर्वीचाच."

डबी चार्ज व्हायला तास लागे आणि जरा हललं तरी चार्जर बोंबले. नेमकं तेव्हाच हिला दार कशाला लागतं? विचारलं तर म्हणे, "कपाट आवरते. तुम्ही हलू नका." दर आठवड्याला आवरण्याइतकं त्या कपाटात होतं काय? मास्तरांच्या मनात पाल चुकचुकायची.

आज डबी लवकर भरली. पट्टा काढून, पावलं न वाजवता जाऊन त्यांनी दार बोटभर ढकललं. बायको खिडकीशी बसली होती. मांडीवर त्यांनीच काल शिवलेला ब्लाउज होता. त्याची वाकडीतिकडी शिलाई उसवून ती नव्याने टाके घालत होती.

मास्तर आल्या पावली परतले. भरलेल्या डबीवर पट्टा पुन्हा चढवला.

"आज वेळ लागेल गं," ते खुर्चीतून म्हणाले, "तू सावकाश आवर."