रेजिनाचा हातगुण

लग्नात तळायच्या फुग्यांचं, म्हणजे गोल गोड पावांचं, पीठ रात्रभर परातीत रुसलेल्या जावयासारखं बसून राहिलं होतं. रेजिनाने बोटाने दाबलं. खड्डा पडला तो पडलाच.

"मम्मी, आजीचंच खमीर घातलंस ना?" नवरीमुलगी सँड्राने विचारलं.

"तिचंच. मडक्यात होतं तेवढं सगळं."

नायट्यावर नवा लेप निघाला, तेव्हा रेजिनाने तो हातांना लावून घेतला होता. त्याचे अतिसूक्ष्म कण कातडीत मुरत आणि बुरशी मारणारं औषध जन्मभर थोडंथोडं सोडत राहत. नायटा गेला, वर मानही मिळाला. वसईतल्या बायका लोणच्यात हात फिरवायला तिला बोलावून नेत. त्या बरणीला मग बुरशी शिवत नसे. ती टेकून उभी राहिलेली भिंतसुद्धा पावसाळाभर कोरी राहते, असं लोक सांगत.

खमीर हीदेखील बुरशीच, हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं. एरवी खमीर जिवंत ठेवायला मडक्यात ती पळीनेच पीठ घाली. हात लागायचा तो लग्नकार्यालाच, आणि लेप लावल्यानंतरचं घरातलं हे पहिलंच लग्न.

"मळण्याआधी पुढच्या खेपेसाठी मूठभर खमीर बाजूला काढलं असशील की."

"काढलं ना. रीतच आहे."

"कशाने काढलंस?"

रेजिनाने आपल्या हाताकडे पाहिलं.

शेवटी बाजारातलं यीस्ट आलं. सँड्राने पीठ मळलं, फुगे टम्म फुगले. पंगतीत म्हाताऱ्या मावशीने एक खाऊन डोळे मिटले.

"रेजिना, अगदी तुझ्या आईच्या हातचे गं."

"घे, मावशी," रेजिना म्हणाली आणि तिने आणखी दोन वाढले.