शोकेसमधला कप

फळ्यावर ‘नॉस्टॅल्जिया’ लिहून बेहेरे सर वळले. “मूळ ग्रीक शब्द दोन. एक घरी परतणं, दुसरा वेदना. घराच्या ओढीनं जीव तुटतो ना, तेच हे दुखणं.” वृद्धाश्रमात राहायला आल्यापासून रोज सकाळी एक इंग्रजी शब्द उलगडून सांगायचा त्यांचा नेम होता.

गणपतीला मुलाकडे जाऊन कालच परतलेल्या कुमुदताई म्हणाल्या, “सर, सुनेनं मला चहा दिला तो शोकेसमधल्या कपात, बशीसकट. ते कप मीच पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले. वाईट कुणीच वागलं नाही हो. पण घरी पोचल्यावर जे दुखलं, त्याला काय म्हणतात?”

सरांनी फळ्यावरचा शब्द पुसून टाकला.

खोलीवर जाऊन त्यांनी मुलाला फोन लावला. “दिवाळीला येतोय ना मी, तेव्हा चहा माझ्या त्या चेपलेल्या स्टीलच्या पेल्यातच द्या रे. तेवढं सांगून ठेव घरात.”

“तो पेला होय?” मुलगा हसला. “बाबा, तुम्ही गेलात त्याच आठवड्यात मोडीत घातला की तो!”