उंचीचा रकाना

दर मे महिन्यात कुलदीप अकोल्यात मोर्णेच्या पात्रात उतरून टिटवीची घरटी मोजायचा. वहीत तीनच रकाने: जागा, अंडी, पात्रापासूनची उंची. यंदा सोबतीला काठावर म्हशी चारणारे नत्थुजी होते.

सकाळ. रेतीत एकही घरटं नाही.

दुपार. दगडगोट्यांत एकही नाही.

"टिटवी पात्रात नाई बसली म्हंजे तिले पाण्याचं समजलं," नत्थुजी म्हणाले. "जेवढी उंच अंडी, तेवढं पाणी चढते."

नदीकाठी नुकतंच नवं घर बांधलेला कुलदीप हसला. "पाखराले काय समजते, नत्थुजी? पूर येणारी जागा असती, तर मले बांधकामाची परवानगी भेटली असती का?"

"पाखराले कागद वाचता येत नाई ना, बापू."

संध्याकाळी घरी पोचला, तर बायको रागिणी जिन्यातच उभी. "दोन दिवस झाले, थे टिटवी मले वर वाळत घातलेले कपडे काढू देऊन नाई राह्यली. डोक्यावरच झेपावते."

कुलदीप वही घेऊनच वर गेला.



जागा: आपली गच्ची. अंडी: चार. उंचीचा रकाना मात्र त्याच्याने भरवेना.