जोडीतलं एक पिस्तूल

खट्कन कपाटाची कडी वाजली. दिव्यानीचा नुकता लागलेला डोळा उघडला.

"झालं!" दीपिका म्हणाली. "तासभर थोपटून राह्यली होती मी तिले."

राजदीपला ऐकूच गेलं नाही. मांडीवर शिसवी पेटी उघडी होती. द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांची जोडी, दीडशे वर्षांपूर्वीची. हिरव्या मखमलीत दोन खाचा, त्यातली एक रिकामी.

"दुसरं कुठी गेलं?"

"पाय फुटले असन त्याले."

तिने सकाळपासून तिसऱ्यांदा दिवाण उपसला, मग शिलाईमशीनचा खण. लेकीच्या खेळण्यांना घरात जागा नव्हती आणि यांच्या पेट्या सात! "कितीदा सांगतलं, घरात लेकरू आहे."

"बारूद नाई त्यात. अन् पाच वाजता नागपूरचे साहेब हे इकत घ्याले येऊन राह्यले. जोडी नसन तं ते पेटीकडे पाह्यणार बी नाई." तो एकदम थांबला. "काल लच्छू आला होता नं?"

लच्छू नाटक मंडळाचं सामान सांभाळायचा. झाडीपट्टीच्या नाटकांना घड्याळ, पलंग, कपडे गावातून मागून नेतात, खेळ झाला की परत देतात. पावती कोणी मागत नाही. नाटकातल्या नवरीसाठी काल त्याने याच खोलीतून दीपिकाचा शालू नेला होता.

निरोप मिळताच लच्छू ट्रंक घेऊन आला आणि सगळं सामान अंगणात मांडलं. पिस्तुलं निघाली ती चार, टिनाची.

"भाऊ, याच्यात टिकल्या फुटते. वीस वर्सं झाले, कोणाचा चमचा नाई हरवला माह्याकून."

"मंग उडून गेलं का? तुह्या मालकालेच फोन लावतो."

लच्छूचा चेहरा उतरला. "तसं नोका करू, भाऊ. एकदा नाव गेलं का कोणी दारात उभं नाई करत. बाई, तुमी तरी सांगा. शालू तुमच्या हातूनच नेला नं मी?"

"मले नोका इचारू काही," दीपिका वैतागली. "जाऊ द्या नं आता. एका पिस्तुलानं भागत नाई का?"

राजदीप नंबर शोधत होता. दिव्यानी केव्हाची पदर ओढत होती. दीपिकाने तिला उचलून छातीशी घट्ट धरलं.

"आई," दिव्यानी म्हणाली, "मी ते कपाळाले लावलं मनून तूच बोडीच्या पाण्यात फेकलं नं? मंग बाबा लच्छूकाकावर काऊन चिडून राह्यले?"