एवढा शब्द होऊ दे

नवऱ्यानं अंगणातून हाक मारली तेव्हा मी शब्दकोशाची प्रुफं तपासत होते. “एवढा शब्द होऊ दे, आलेच,” मी म्हणाले. दहा मिनिटांनी बाहेर आले, तर तो गाडीपाशी पडला होता, गाडी पुसायचं फडकं मुठीत. पौडहून डॉक्टर आले आणि मान हलवून गेले. दुपारी तो पडवीत चादरीखाली होता, लातूरहून दीर निघाले होते आणि कोळवणातल्या बायका माझ्याकडे बघत बसल्या होत्या. मी प्रुफांचा कागद अजून धरूनच होते. घरी कामाला येणाऱ्या लिलाबाईंनी माझा खांदा हलवला. “ताई, डोळ्यांत टिपूस न्हाई तुमच्या. करा कल्पांत, मोकळ्या व्हा.” त्यानं हाक मारली तेव्हा मी तपासत होते, नेमका तोच शब्द. मी कागद त्यांच्यापुढे धरला. “कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, लिलाबाई. चारशे बत्तीस कोटी वर्षं. तो संपला की कल्पांत, म्हणजे जगाचा शेवट. ढसाढसा रडणं हा अर्थ नंतर चिकटला. तो निराळा आहे, म्हणून कोशात त्याला मी वेगळा आकडा दिलाय, दोन.” बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. “बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय,” कुणीतरी कुजबुजलं. लिलाबाईंनी कागदाकडे पाहिलं नाही. त्या पडवीतल्या चादरीकडे बघत होत्या. “निराळा कशापायी?” त्या म्हणाल्या. “येकच तर हाय.” मी पेनाचं टोपण काढून दोनचा आकडा खोडला. मग अंगणाकडे तोंड करून म्हटलं, “झाला शब्द. आले.”