धाकटा ठिपका

"थोरला आहे. धाकटा कुठे गेला?" बाईंनी विचारलं.

पडद्यावर आकाशाचा एवढासा तुकडा होता. मधोमध एक ठळक ठिपका. त्याच्या डाव्या खांद्याशी एक फिकट ठिपका असायला हवा होता, तिथे नुसता काळोख. शेजारच्या सातही पडद्यांवर दोन्ही ठिपके गुण्यागोविंदाने नांदत होते.

"चुकलं माझं, बाई," आठव्या पडद्यापुढची मुलगी म्हणाली. "कच्चा नकाशा घालायला विसरले."

वर्ग हसला. तिला पहिल्याच दिवशी 'विसरभोळी' हे नाव पडलं होतं.

"डोकं तरी आणलंयस ना आज?" मागून कुणीतरी म्हणालं.

"डबा आणलाय. तेवढं पुरे."

बाई गेली एकवीस वर्षं नव्याने आलेल्यांना हे काम शिकवत होत्या. इथली दुर्बीण म्हणजे उघड्या माळावर पसरलेल्या सोळा अँटेना. सगळ्या आकाशाच्या एकाच कोपऱ्याकडे कान लावून बसतात, पण प्रत्येकीचा सूर जरासा ढळलेला. गायला बसलेल्यांना आधी कुणीतरी सूर द्यावा, तसा संगणकाला एक कच्चा नकाशा द्यायचा. कुठे काय असेल याचा अंदाज, इतकंच. मग तो सोळाजणींना त्या अंदाजाशी जुळवून घेतो आणि हळूहळू चित्र उमलतं. नकाशा दिलाच नाही, तर संगणक मधोमध एकच ठिपका आहे असं धरून चालतो.

सरावाला बाई दर वर्षी आपला स्वतःचा जुना डेटा देत, आणि सोबत कच्चा नकाशाही आपलाच. त्यातला धाकटा ठिपका, म्हणजे एक अगदी फिकट दीर्घिका, त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने मिळून शोधली होती. तेव्हा ते नवरा-बायको नव्हते, एका टेबलाशी बसणारे दोन उमेदवार होते. दोघांच्या नावावर मोठं असं तेवढंच.

'नकाशा घाल आणि पुन्हा कर,' हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. दर वर्षी कुणा ना कुणाला सांगावे लागत. आज मात्र त्यांची नजर त्या काळोखावरून हलेना. तो फार स्वच्छ होता.

"पुसू नकोस," त्या म्हणाल्या. "राहू दे तसंच."

जेवायच्या सुट्टीत सगळे गेल्यावर बाई एकट्याच बसल्या. नकाशा न घालता त्यांनी स्वतः करून पाहिलं. धाकटा नाही. मग त्यांनी जरा पोरकटपणाच केला. कच्च्या नकाशातला धाकटा उचलला आणि उजवीकडे नेऊन ठेवला. चित्र उमललं. धाकटा उजवीकडे, तसाच फिकट, तसाच गोजिरा, आणि डावीकडच्या जुन्या जागी नुसता काळोख. खाली ठेवला, खाली उगवला. वर ठेवला, वर. डेटा बिचारा त्यांच्या होला हो करत होता.

बाईंना आपलं चोविसावं वर्ष आठवलं. डेटातल्या खरखरीत कुठेतरी एक पुसट डाग दिसला होता, आणि त्यांनीच हौसेने नकाशात तिथे टिंब ठेवलं होतं. पुढे त्या बाजूला कुणी दुर्बीण वळवली नाही. आकाश अफाट, दुर्बिणीची वेळ मोजकी.

डबा तसाच राहिला. महिन्याभराने त्या निवृत्त होणार होत्या. विसरभोळीला नापास करायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ती बिचारी मान खाली घालून 'हो बाई' म्हणाली असती.

सुट्टी संपली. बाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या.

"तुमची सातही चित्रं चुकली आहेत. माझंसुद्धा चुकलंय. हिचं बरोबर आहे."

विसरभोळीला रडूच फुटलं. "बाई, मी मुद्दाम नाही हो केलं!"

"मुद्दाम केलं असतंस तर आणखी दोन मार्क दिले असते," बाई म्हणाल्या. "आता बसा सगळे. कसं चुकलो ते बघू या."

संध्याकाळी घराकडे निघाल्यावर मात्र त्यांचं पाऊल उचलेना. वर्गाला सांगणं सोपं होतं. नवऱ्याला कसं सांगायचं? लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो दुर्बीण सोडून शाळेत शिकवायला लागला होता. का, ते त्याने कधी नीट सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "आकाश काही पळून जात नाही. दहावीची पोरं पळून जातात." नातेवाईक म्हणाले, कच खाल्ली. एकदा रागाच्या भरात बाईही तेच बोलून गेल्या होत्या. तो हसला होता फक्त. सगळ्या आकाशातून त्याच्या वाट्याला तेवढा एक ठिपका उरला होता, आणि तोही आज त्यांनी भर वर्गात पुसून टाकला होता.

तो ओट्याशी कांदा चिरत होता. खांद्यावरची पिशवीही न उतरवता बाईंनी एका दमात सांगून टाकलं.

"धाकटा नाहीये रे. कधीच नव्हता. आज वर्गात सांगितलं मी. नाव तुझंही आहे त्याच्यावर, आधी तुला विचारायला हवं होतं."

त्याने सुरी खाली ठेवली. नळ सोडून हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले.

"रागावू नकोस," तो म्हणाला. "लग्नाच्या पत्रिकेवर ते दोन ठिपके छापून घ्यायला तू छापखान्यात गेली होतीस ना, त्याच दुपारी मी नकाशा न घालता करून पाहिलं होतं."